मोरीची उंची

आमची सोसायटी पाडून नवी बांधायचं ठरलं त्याला दीड वर्ष झालं. करारावर सह्या झाल्या, नकाशे महापालिकेत जाऊन आले, आणि गेल्या महिन्यात आर्किटेक्टच्या ऑफिसातून प्रत्येक घराला एक कागद आला. ओट्याला ग्रॅनाइट कुठल्या रंगाचा, गीझर कुठल्या भिंतीला, टीव्हीचा पॉइंट कुठे, असे पंचवीसेक प्रश्न. रात्रीची जेवणं झाल्यावर अर्ध्या तासात आम्ही ते उरकले. शेवटून तिसऱ्या ओळीत छापलं होतं, ‘ड्राय बाल्कनी : सिंक हवे / नको’. त्या ओळीपुढची चौकट अकरा दिवस कोरी राहिली.

नवऱ्याला कळेना, एवढं काय आहे त्यात. पहिल्या दिवशी मलाही सांगता आलं नसतं.

जागा साडेतीन फूट रुंद, सात फूट लांब. स्वयंपाकघराच्या दारातून पलीकडे पाऊल टाकलं की लागते ती. तिथे दोन फुटांचं वॉशिंग मशीन येणार, ओल्या-सुक्या कचऱ्याचे दोन डबे, फरशी पुसायची बादली, केरसुणी, कांद्याबटाट्यांची टोपली, पावसाळ्यात निथळत्या छत्र्या, आणि आरओतून वाया जाणारं पाणी धरायची बादली. भाद्रपदात दीड दिवसांनी आमच्या शाडूच्या गणपतीचं विसर्जन ज्या पिंपात होतं ते पिंपही तिथेच बसतं, आणि माती पुरती विरघळून कुंड्यांत जाईपर्यंत आठ-दहा दिवस हलत नाही. (ती माती नळाखाली सोडून द्यायची नसते. पाइपात बसली की दगड होते.) एवढ्या गर्दीत दोन फूट बाय दीड फुटाचं सिंक घालायचं म्हणजे कुणाला तरी उठवावं लागणार.

पुण्यात या जागेला ड्राय बाल्कनी म्हणतात. कपडे वाळत घालायची, म्हणून ड्राय. लेक बंगळुरात राहते, तिकडे सगळे तिला यूटिलिटी म्हणतात. आमच्या आताच्या, १९८४ साली बांधलेल्या इमारतीत ती नुसती ‘मागची गॅलरी’ आहे. माझी आई आली की म्हणते, “तो टोप मोरीत ठेव गं.” आणि रत्नागिरीकडची माझी आजी न्हाणी म्हणायची. सोसायटीच्या मीटिंगला बिल्डरचे इंजिनिअर आले होते, ते ड्रेनेजचा नकाशा समजावून सांगताना म्हणाले, “इथे एक नहाणी ट्रॅप येईल.” मी विचारलं तर कळलं, फरशीतल्या जाळीखाली जो सापळा असतो त्याला आपल्याकडच्या बांधकामाच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकांतसुद्धा हेच नाव आहे. आपल्या न्हाणीचाच शब्द. नकाशावरच्या त्या इवल्या चौकोनाकडे बघताना मला मागीलदारची दगडी न्हाणी दिसली. चुलाणावर तपेलं, धुराने काळी झालेली भिंत, आणि अंघोळीचं पाणी पाटाने वाहत जाऊन पहिल्यांदा अळवाला, मग केळींना आणि शेवटी माडाच्या आळ्यात. सांडपाणी असा शब्द त्या घरात मी ऐकलाच नाही. पाणी वापरून झालं की ते कुणाचं तरी व्हायचं.

मी स्वतः वाढले गिरगावात, चाळीतल्या दीड खोलीत. आतल्या खोलीच्या कोपऱ्यात तीन फूट बाय तीन फुटांची मोरी. वीतभर उंच कठडा, खाली शहाबादी फरशी, भिंतीतून बाहेर जाणारं एक भोक. रात्री त्या भोकात फडक्याचा बोळा घालायचा, नाहीतर उंदीर आत यायचे. पहाटे पाचला नळ यायचा आणि साडेसहाला जायचा. त्या दीड तासात पिंप भरायचं, हंडा-कळशी भरायची, कपडे धुऊन पिळायचे, आणि आम्ही उठायच्या आत आईची अंघोळ व्हायची. मग एकेकाने मोरीत जायचं. पडदा ओढायचा, बाहेरचा माणूस भिंतीकडे तोंड करून पेपर वाचणार. अंघोळी आटोपल्या की त्याच मोरीत रात्रीची खरकटी भांडी, त्याच मोरीत मासे धुणं, दिवाळीच्या पहाटे उटण्याचा वास, परीक्षेच्या दिवशी शाईचे हात. वरळीच्या बीडीडी चाळींतल्या १६० चौरस फुटांच्या खोल्यांतही अशीच मोरी होती. तिथल्या पहिल्या कुटुंबांना २०२५ च्या ऑगस्टमध्ये ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. टीव्हीवर त्या बायका पाहताना माझ्या मनात एकच प्रश्न होता, की आता यांची मोरी कुठे असेल.

मोरीचं एक आहे. तिला काही वर्ज्य नाही. गोधडी धुता येते, सायकलचं चाक धुता येतं, चिखलाने भरलेल्या मुलाला कपड्यांसकट उभं करता येतं. नळाखाली बादली सरळ बसते. सिंकमध्ये बादली बसत नाही, भरलीच तर उचलून खाली घ्यावी लागते. पाण्याचंही आहे. मी कागद आला त्याच आठवड्यात मोजलं. आमच्या ओट्यावरच्या नळाखाली दहा लिटरची बादली सव्वा मिनिटात भरते. सिंकमध्ये भांडी घासताना नळ दहा मिनिटं जरी सुटा राहिला तरी ऐंशी लिटर पाणी गेलं. मागच्या गॅलरीत बसून घासताना एका टोपात साबणाचं पाणी, एका टबात विसळायचं, वर एखादी बादली, म्हणजे पंचवीस-तीस लिटरांत सगळी भांडी होतात. शहरी माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात, त्यात अंघोळ, कपडे, संडास सगळं आलं. मे महिन्यात खडकवासल्याच्या साखळीतल्या चारही धरणांचे आकडे रोज पेपरात येतात तेव्हा हा ऐंशीचा आकडा मला छोटा वाटत नाही.

तेव्हा पहिले चार दिवस माझं मत पक्कं होतं. सिंक नको. खाली शहाबादी नाहीतर खरबरीत टाइल, वीतभर कठडा, एक नळ, एक जाळी. आपली मोरी बरी.

लेकीचंही मत तेच पडलं, कारण वेगळं. तिच्या बंगळुरातल्या भाड्याच्या घरात यूटिलिटीला सुंदर स्टीलचं सिंक आहे. ती आणि तिचा नवरा दोघंच, भांडी स्वयंपाकघरात होतात, त्यामुळे ते सिंक वापरात नाही. दोन महिन्यांत तिथून गटाराचा वास यायला लागला, मग झुरळं. तिने तीन वेळा औषध मारलं. शेवटी प्लंबर आला आणि त्याने सिंकमध्ये दोन तांबे पाणी ओतलं, एवढंच केलं. सापळा म्हणजे पाइपाचं वळण, त्यात दोन इंच पाणी कायम साचून राहायचं असतं. ते पाणीच खालच्या वासाला आणि किड्यांना अडवतं. नळ सोडलाच नाही की ते उडून जातं आणि दार उघडं पडतं. “आई, रोज वापरणार असशील तरच घे,” ती म्हणाली. माझ्या आईने रात्री घातलेला बोळा आणि तिच्या सिंकमधलं दोन इंच पाणी, काम एकच.

सासूबाईंना मात्र सिंक हवं होतं. त्या चौऱ्याऐंशीच्या आहेत, देवाची तांब्याची भांडी अजून स्वतः चिंच-मिठाने घासतात, आणि खाली बसणं त्यांना आता शक्य नाही. ओट्यावरच्या खरकट्या सिंकमध्ये निरांजन आणि पंचपात्री घासणं त्यांच्या जिवावर येतं. त्यांचं म्हणणं मला पटलं. ते पटल्यामुळेच चौकट पाचव्या दिवशीही कोरी राहिली.

मग वरच्या मजल्यावरच्या वहिनी भेटल्या जिन्यात. त्यांनी ‘हवे’वर खूण करून कागद देऊनही टाकला होता. म्हणाल्या, “घ्याच तुम्ही. कामवालीला मग आत यायचं कामच नाही. तिकडच्या तिकडे घासेल, तिकडच्या तिकडे लावेल.” त्यांच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता. आपण लिफ्ट कुठे असावी बोलतो तशा बोलल्या. पण मी घरी येऊन बराच वेळ बसून राहिले.

आजीच्या त्या घरात घासलेली भांडी न्हाणीच्या कट्ट्यावर पालथी घातलेली असायची. ती घासणारी बाई निघून गेली की आजी कळशीतलं पाणी घेऊन प्रत्येक भांडं पुन्हा विसळायची आणि मगच आत न्यायची. स्वच्छ, लखलखीत भांडी. मी सात-आठ वर्षांची असेन. मला वाटायचं, राख राहिली असेल. राख राहिलेली नसायची, हे मला फार उशिरा कळलं, आणि कळलं तेव्हा विचारायला आजी नव्हती. ज्या न्हाणीतलं पाणी अळवाला, केळीला, माडाला चालायचं, तिथल्या माणसाचा हात लागलेलं भांडं तसंच आत जात नव्हतं. हे दोन्ही एकाच घरातलं आहे आणि मला दोन्ही सांगायला हवं. आजी मला फार प्रिय होती.

आता विसळून आत घेणं राहिलं नाही. पण घराच्या नकाशातच अशी सोय करून ठेवायची की घासणारी व्यक्ती दाराच्या अलीकडे येऊ नये, हे त्याच्या फार लांबचं नाही. सिंक घ्यावं की घेऊ नये हा प्रश्न मला त्या दिवशी पहिल्यांदा टोचला. कारण मी मोरी हवी म्हणत होते, ती तरी कुणी बसून वापरायची? मी बसत नाही. गेली बारा वर्षं मी मागच्या गॅलरीत भांडी घासायला बसलेले नाही. गोधडी वर्षातून दोनदा धुतली जाते, तीही मी धूत नाही. चाळीतल्या मोरीची मला ओढ आहे, पण त्या मोरीत उकिडवं बसून आईने जी चाळीस वर्षं काढली, तिचे दोन्ही गुडघे शेवटी बदलावे लागले. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी पहिलं काय सांगितलं, तर उकिडवं बसायचं नाही. आई म्हणाली, “आता सांगतायत.”

आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या मावशी पन्नाशीच्या पुढच्या आहेत. सकाळी सातला येतात. आमच्याआधी एक घर, आमच्यानंतर चार. मागच्या गॅलरीत त्या आधी पाटावर बसायच्या, दोन वर्षांपासून प्लास्टिकचा बुटका स्टूल घेतात, कारण उजवा गुडघा वळत नाही. पावसाळ्यात त्यांच्या पायांच्या बोटांत चिखल्या होतात. हे सगळं मला माहीत होतं. रजेचं, दिवाळीच्या बोनसचं आमचं वेळोवेळी बोलणं होतं, आणि ते आपोआप व्हायला लागलेलं नाही. १९८० साली याच शहरात घरकाम करणाऱ्या बायकांनी संप केला होता, त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. पगाराची आणि सुटीची भाषा तिथून घराघरांत आली. २००८ चा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा त्यानंतरचा. पण बसायचं कुठे, उभं राहायचं कुठे, नळ किती उंचीवर हवा, हे मी त्यांना बारा वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. नव्या घराचा कागद अकरा दिवस माझ्या हातात होता आणि आठव्या दिवसापर्यंत मी नवऱ्याला, लेकीला, सासूबाईंना, आईला, वरच्या वहिनींना विचारून झालं होतं.

नवव्या दिवशी सकाळी चहा करून मी कागद घेऊन मागच्या गॅलरीत गेले.

“मावशी, नव्या घरात इथं तुम्हाला सिंक हवं का खालीच बरं पडेल?”

त्यांनी हातातला कुकर खाली ठेवला. मला वाटलं त्या म्हणतील, सिंक करा ताई, गुडघ्याला बरं. त्या म्हणाल्या, “ताई, आत वट्यावरच्या सिंकमधी घासलं तर चालंल का?”

मी विचारलं, का?

“तिथं गरम पाणी येतं ना.”

स्वयंपाकघरातल्या नळाला गीझरची लाइन आहे. मागच्या गॅलरीतल्या नळाला नाही, तिथे गच्चीवरच्या टाकीतलं पाणी थेट येतं. जानेवारीत सकाळी सातला ते पाणी कसं असेल याचा अंदाज मी मग हात घालून घेतला. आणि आता तर जानेवारीही नव्हता. “हिवाळ्यात बोटं काकडून जात्यात. तेलकट टोप गार पाण्यानं निघत न्हाई, मग साबण जास्त लागतो, मग हात सोलतो.” एवढं बोलून त्या थांबल्या, आणि मग चहा संपेपर्यंत एकेक सांगत गेल्या. गॅलरीतला दिवा दाराच्या वर, पाठीमागे आहे. भिंतीकडे तोंड करून बसलं की स्वतःचीच सावली भांड्यांवर पडते. पावसाळ्यात आभाळ भरून आलं की काही दिसत नाही. “तुम्ही म्हणता ना, मावशी, कढई चिकट राहिली. दिसतच न्हाई तर काय करू?” पाऊस तिरका आला की पाठ भिजते. आणि तुम्ही आत भाजी चिरत असता, मी इकडे, काही बोलायचं तर ओरडावं लागतं.

शेवटचं त्यांनी हसून सांगितलं. मला हसता आलं नाही.

मराठीत म्हण आहे, मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा. आठ दिवस मी सिंक की मोरी, पाणी किती, जागा किती, सापळा कोरडा पडतो का, याचे हिशेब घालत होते. गरम पाण्याची लाइन आणि दिव्याची जागा त्या छापील कागदावर कुठेच नव्हती, आणि माझ्याही मनात कधी आली नाही.

त्यानंतरचे दोन दिवस मात्र कामाचे गेले. मी आर्किटेक्टच्या ऑफिसात जाऊन आले. तिथल्या मुलीने खूप नीट समजावून दिलं, तिचे आभार मानायला हवेत. ड्राय बाल्कनीचा स्लॅब बाकीच्या घरापेक्षा खाली घेतलेला असतो, त्या खड्ड्यात पाइप, त्यावर वॉटरप्रूफिंग, विटांच्या तुकड्यांचा कोबा, आणि मग फरशी. एकदा हे झालं की नंतर पाइप हलवायचा म्हणजे सगळं फोडायचं, आणि फोडलं की खालच्या घरात पाणी उतरायची भीती. हे मला सांगायची गरज नव्हती. आमच्याच जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर कुणीतरी मागच्या गॅलरीत नवा नळ काढला, पहिल्या मजल्याच्या स्वयंपाकघराचं छत काळं पडलं, आणि त्या दोन घरांत दोन वर्षं बोलणं बंद होतं. तेव्हा जे ठरवायचं ते आत्ताच.

गरम पाण्याची लाइन द्यायला अडचण काय, तर काहीच नाही. स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडे तीन फूट पाइप जास्त. आजवर कुणी मागितली नव्हती, एवढंच.

सापळ्याचा मार्गही तिनेच सांगितला. सिंकचं पाणी वेगळ्या पाइपाने नेण्याऐवजी खालच्या नहाणी ट्रॅपमध्येच सोडायचं, वॉशिंग मशीनचंही तिथेच. मग सिंक आठ दिवस वापरलं नाही तरी मशीनच्या पाण्याने फरशीतल्या ट्रॅपमधलं पाणी टिकून राहतं. सिंकच्या स्वतःच्या वळणात तेवढं अधूनमधून तांब्याभर पाणी ओतायचं. सिंकच्या खाली कपाट करायचं नाही, मोकळं ठेवायचं. तिथे खाली, फरशीपासून दीड फुटावर, दुसरा नळ, समोर वीतभर कठडा. बादली त्या नळाखाली भरेल, चिखलाचे बूट तिथे धुता येतील, गणपतीचं पिंपही तिथे बसेल. कांद्याबटाट्यांची टोपली तेवढी आत न्यावी लागेल. म्हणजे मोरी राहिली आणि तिच्या डोक्यावर सिंक आलं. मला हा नकाशा इतका आवडला की घरी येईपर्यंत रिक्षात तीनदा उघडून पाहिला.

रोजची ताटं, वाट्या, पातेली मावशी आतल्याच सिंकमध्ये घासणार, हे मी मावशींना त्याच दिवशी सांगितलं. म्हणजे आताच्या घरात, उद्यापासून, नवं घर होईपर्यंत थांबायचं कारण नव्हतं. नळाचं तोंड बदलून बारीक धारेचं बसवलं. सिंकमध्ये एक टब ठेवला, विसळायचं त्यात. पाणी जास्त जातं की नाही ते मी पुन्हा मोजलं. चाळीस-पंचेचाळीस लिटर. ऐंशी नाही. पंचवीसही नाही. जे आहे ते मला मान्य आहे. सकाळी सव्वासातला आम्ही दोघी आता एका ओट्यापाशी असतो, मी डबे भरते, त्या भांडी घासतात, आणि पहिल्या आठवड्यात दोनदा आमची कोपरं एकमेकींना लागली.

राहिली उंची. कागदावर ‘स्टँडर्ड’ म्हणून ३४ इंच छापलेलं होतं. ओटा सगळीकडे साधारण तेवढाच असतो. मावशी चार फूट दहा इंच. आपल्याकडच्या बाईची सरासरी उंची १५२ सेंटीमीटर धरतात, म्हणजे पाच फूट. मावशी त्याहून दोन इंच कमी, सासूबाई पाठीतून वाकल्यामुळे तशाच. ३४ इंचांच्या काठाला कढई घासताना खांदे उचलावे लागतात आणि काठ मनगटाखाली रुततो. मी आतल्या ओट्यापाशी मावशींना बघितलं तर खरंच तसं होत होतं. बारा वर्षांत पहिल्यांदा त्या माझ्यासमोर उभ्या राहून काम करत होत्या, म्हणून दिसलं. त्यांना उभं राहायला मी एक लाकडी फळी दिली. ती सरकते. ती काही कायमची सोय नाही.

तेव्हा अकराव्या दिवशी, रविवार होता, मी टेप आणि पेन्सिल घेऊन मागच्या गॅलरीत गेले. मावशींना म्हटलं, इथे भिंतीशी उभ्या राहा, आणि हातात कढई आहे असं समजून घासा. त्या लाजल्या. मग म्हणाल्या, “खोटं खोटं कशाला, खरी आना.” मी लोखंडी कढई आणून दिली. एका हाताने मी तिच्या खाली स्टूल धरला, वर दोन पाट ठेवले, एक काढला, पुन्हा ठेवला. त्या घासत होत्या, थांबत होत्या. “जरा खाली. आजून जरा. हां, हितं खांदा पडला बगा.” कढईच्या कडेशी भिंतीवर मी खूण केली. मग सासूबाईंना आत जाऊन घेऊन आले, त्याही काठी टेकून तिथे उभ्या राहिल्या, त्यांच्या हातात तांब्या. त्यांची खूण अर्धा इंच वर आली.

“पर ताई,” मावशी म्हणाल्या, “नवी बिल्डिंग व्हायला तीन वरीस लागनार. तवर मी यीन का? माझा गुडगा यीन का?”

मी म्हटलं, तोवर माझाही जाईल.

“मंग तुमची बी खूण करा,” त्या म्हणाल्या.

मी साडेपाच फूट. माझी खूण दोन-अडीच इंच वर गेली. तीन खुणा झाल्या एकाच भिंतीवर, पेन्सिलीच्या, आणि मावशी कढई हातात धरून त्यांच्याकडे बघत होत्या. त्यांच्या घरी मोरीच आहे, त्यांनी नंतर सांगितलं, चाळीसारखी, कोपऱ्यात, तिथे त्या बसूनच घासतात. सून उभ्याने करायचं म्हणते, पण ओटा करायला जागा नाही.

कागदावर ‘सिंक हवे’वर खूण केली. पुढे जागा नव्हती म्हणून मागच्या बाजूला लिहिलं : काठाची उंची ३१ इंच, खोली ८ इंचांपेक्षा जास्त नको, गरम पाण्याची लाइन, खाली दुसरा नळ आणि कठडा, दिवा समोरच्या भिंतीला, पाठीमागे नको, ग्रिलला पावसाच्या बाजूने सरकती काच.

दुपारी ऑफिसातून फोन आला. ती मुलगी विचारत होती, “मॅडम, एकतीस लिहिलंय, चौतीसच म्हणायचंय ना?”

एकतीसच, मी म्हटलं. तिने लिहून घेतल्याचं ऐकू आलं. मग जरा थांबून तिने विचारलं, ही उंची मोजायची कशी, कारण तिच्या आईकडेही एक बाई येतात.